याला पर्याय आहे का?

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. "हे संपलंय? मग याला पर्याय आहे का?" हे वाक्य रोज किती वेळा कानावर पडतं याची मोजदाद नाही. उत्तर देताना माझं डोकं ठरलेल्या क्रमानं चालतं. आधी घटक कोणता, मग मात्रा किती, मग ती गोळी पोटात गेल्यावर कशी सुटते. तिन्ही जुळलं तर पर्याय आहे. नाही जुळलं तर, "डॉक्टरांना विचारून या."

हीच बाई घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिली की मात्र अगदी वेगळं वागायची. बेकिंग पावडर नाही? टाका सोडा, वर दोन थेंब व्हिनेगर. अंडं नाही? कुस्करा केळं. क्रीम नाही? दुधात लोणी ढवळा. प्रमाण कुठेतरी वाचलेलं, बहुतेक वेळा अर्धवट आठवणारं. माझ्या दुकानात नवीन पोरानं असं काही केलं असतं तर त्याला मी दुसऱ्या दिवशी काउंटरला हातही लावू दिला नसता.

ती सवय मोडली हिरव्या बिस्किटांनी.

लेकाचा मित्र राहायला येणार होता. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि आमच्याकडे बिस्किटं म्हणजे पीनट बटरचीच. त्यामुळे पीनट बटरऐवजी सूर्यफुलाच्या बिया भाजून मिक्सरमध्ये वाटल्या. हे काम वेळखाऊ आहे. पहिली पाच मिनिटं नुसती भुकटी दिसते आणि आपण फसलो असं वाटतं, भांड्याच्या कडा खरवडत राहिलं की एकदम तेल सुटतं आणि सगळं ओघळायला लागतं. मिक्सर मध्ये मध्ये थांबवा, मोटर तापते. तर हे झालं, आणि मग बेकिंग पावडरचा डबा उघडला तर तळाशी चिमूटभर. म्हणून तिथेही पर्याय: १ छोटा चमचा बेकिंग पावडरऐवजी पाव छोटा चमचा खायचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा व्हिनेगर. हे प्रमाण मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की शंकाच आली नाही.

बिस्किटं मस्त झाली. सोनेरी, कडेनं कुरकुरीत. डब्यात भरली आणि झोपलो. सकाळी लेकानं एक मोडलं आणि हाक मारली, "आई, बिस्किटांना बुरशी आलीये!"

बुरशी नव्हती. पण आतून बिस्किट खरोखर हिरवं होतं, शेवाळासारखं. दोन्ही मुलं ते डोळे विस्फारून बघत होती. मित्रानं तर एक खाऊनही टाकलं होतं, आणि आता आपलं काय होणार याची तो शांतपणे वाट बघत होता.

त्याला काही होणार नव्हतं. सूर्यफुलाच्या बियांमध्ये क्लोरोजेनिक अ‍ॅसिड भरपूर असतं. नाव अ‍ॅसिडचं असलं तरी गोष्ट रंगाची आहे: आजूबाजूला अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) असली की ते बियांमधल्या प्रथिनांशी जुळून हिरवा रंग तयार करतं. खायला निर्धोक, दिसायला भयंकर. म्हणजे माझ्या पिठात अल्कली उरली होती. सोडा उरला होता. पण व्हिनेगर घातलं होतं की!

त्या रात्री दुकान बंद केल्यावर औषध कंपनीच्या जाहिरातीच्या पॅडवर हिशेब मांडला, आणि स्वतःचीच लाज वाटली. पाव छोटा चमचा सोडा म्हणजे साधारण १.२ ग्रॅम. सोड्याचा रेणुभार ८४, व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा ६०, आणि दोघं एकास एक जुळतात. म्हणजे एवढा सोडा पुरता संपवायला साधारण ८५० मिलिग्रॅम अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड हवं. ५ टक्क्यांच्या व्हिनेगरच्या अर्ध्या छोट्या चमच्यात ते असतं जेमतेम सव्वाशे मिलिग्रॅम. सातवा हिस्सा! बाकीचा सोडा तसाच पिठात बसून राहतो. थोडा भट्टीच्या उष्णतेनं फुटतो आणि गॅस देतो, पण मागे सोडियम कार्बोनेट ठेवून जातो, आणि ते तर सोड्याहून तिखट अल्कली. घरच्या केकला कधीकधी साबणासारखी चव लागते ना, ती हीच. पाव चमचा सोड्याला खरं तर मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिली आणि वर थोडं, व्हिनेगर हवं. किंवा तेवढाच लिंबाचा रस. किंवा अर्धा कप चांगलं आंबट ताक, आणि मग पाककृतीतलं दूध-पाणी अर्ध्या कपानं कमी करायचं. यातलं ताकाचं मला सगळ्यात पटतं, कारण एवढं व्हिनेगर घातलं की त्याचा वास लपत नाही, ताकाचा लपतो.

आणि दुसरी गोष्ट त्या रात्री लक्षात आली ती आमच्या धंद्यातलीच. दोन औषधं वेगवेगळी घेतली तर काही होत नाही, एकत्र घेतली की गडबड होते, हे मी लोकांना दिवसभर समजावत असते. सूर्यफुलाच्या बिया एकट्या असत्या, बेकिंग पावडर नीट असती, तर बिस्किटं बिस्किटाच्याच रंगाची झाली असती. सोड्याचा घोळ एकटा असता तर चव जरा बिघडली असती, एवढंच. मी एका पाककृतीत दोन पर्याय घुसवले आणि ते आत एकमेकांना भेटले. तेव्हापासून घरात नियम: एका वेळी एकच बदल. दुसरं काही संपलेलं निघालं तर दुसरा पदार्थ करायचा.

आता बेकिंग पावडर. हिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण हा पदार्थ मुळात आमच्याच जातकुळीचा आहे. बर्मिंगहॅममध्ये अल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट होता. त्याच्या बायकोला अंडंही चालत नसे आणि यीस्टही. तिच्यासाठी त्यानं आधी १८३७ साली अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ साली यीस्टशिवाय ब्रेड फुगावा म्हणून बेकिंग पावडर. म्हणजे आज आपण जिला पर्याय शोधतो ती स्वतःच कुणाच्या तरी घरातला पर्याय होती. पुढे १८९१ साली जर्मनीत आउगुस्ट ओटकर या आणखी एका औषधविक्यानं ती अर्धा किलो पिठाला पुरेल एवढ्या मापाच्या पुड्यांत विकायला सुरुवात केली. पुडी बांधून मात्रा ठरवून देणं, हे केमिस्टलाच सुचणार.

घरी करायची तर सोडा, क्रीम ऑफ टार्टर आणि कॉर्नफ्लोअर, एवढंच लागतं. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे द्राक्षांच्या वाइनच्या पिंपात आतून साचणारे स्फटिक, शुद्ध करून दळलेले. चमच्यानं मोजायचं तर एक भाग सोडा, दोन भाग टार्टर असं सगळीकडे सांगतात आणि ते चालतंही. पण चमच्यात पावडर कशी बसते ते तिच्या दळण्यावर असतं. माझ्याकडे काटा आहे, म्हणून मी वजनानं घेते: टार्टरचा रेणुभार १८८, सोड्याचा ८४, म्हणजे १० ग्रॅम सोड्याला २२ ग्रॅम टार्टर. त्यात १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. तिन्ही एकत्र तीनदा चाळून घ्यायचं, बरणी कोरडी ठणठणीत हवी. वापरायचं विकतच्याइतकंच, चमच्याला चमचा.

कॉर्नफ्लोअर कशाला, असं नणंदेनं विचारलं होतं. "तेवढंच वजन वाढवायला ना गं वहिनी?" थोडं तेही आहे, मोजायला सोपं जातं. पण मुख्य काम हवेतला ओलावा आपल्याकडे ओढून घ्यायचं आणि सोडा-टार्टरला एकमेकांपासून जरा लांब ठेवायचं. गोळीतही औषध थोडंसं असतं, बाकी भरीचं. भरीचं म्हणजे बिनकामाचं नाही. लगेच वापरणार असाल तर मात्र कॉर्नफ्लोअर नाही घातलं तरी बिघडत नाही.

एक फरक मात्र राहतोच. विकतच्या बहुतेक बेकिंग पावडरी दोन टप्प्यांत काम करतात: थोडा गॅस ओलं झाल्यावर, उरलेला भट्टीत तापल्यावर, कारण त्यातलं दुसरं अ‍ॅसिड उष्णतेशिवाय जागं होत नाही. आमच्या भाषेत हळूहळू सुटणारी गोळी. घरची पावडर म्हणजे साधी गोळी, पाणी लागलं की लगेच सुरू. त्यामुळे भट्टी आधी तापवून, भांड्याला लोणी लावून, सगळं तयार ठेवून मगच ओलं आणि कोरडं एकत्र करायचं. त्या क्षणाला फोन वाजला तर वाजू द्या. मी एकदा घेतला होता. सात-आठ मिनिटांचं बोलणं, आणि केकची जाडी पाठ्यपुस्तकाएवढी.

जुनी पावडर जिवंत आहे का बघायचं तर ती चमचाभर घेऊन गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली पाहिजे. सोडा तपासायला व्हिनेगर. आणि कृपा करून बरण्यांवर नाव आणि तारीख लिहा. सोडा, टार्टर, कॉर्नफ्लोअर, पिठीसाखर, सगळं पांढरं. "मला माहितीये कुठलं कुठे आहे" असं म्हणणाऱ्या माणसांनी काय काय घोळ केलेले मी पाहिलेत, ते इथे लिहायचे नाहीत.

ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय. त्याच पॅडचा, ज्यावर व्हिनेगरचा हिशेब केला होता. पर्याय करून पाहिला की त्यावर एक ओळ वाढते आणि पुढे तीनपैकी एक शेरा: "चालतं", "चालवून घ्यावं", "नाही म्हणजे नाही". पुढचं सगळं त्या कागदावरून.

"चालतं"मधली सोपी मंडळी आधी. पाककृतीत लागणारं ताक नसेल तर कपभर दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, दहा मिनिटं ठेवायचं, फाटल्यासारखं दिसलं की झालं. खऱ्या ताकाइतकं दाट होत नाही, पण सोड्याशी भांडायला पुरेसं आंबट होतं. दही असेल तर पाऊण कप दही, पाव कप पाणी, हे त्याहून बरं. पिठीसाखर म्हणजे साखर मिक्सरमध्ये, १०० ग्रॅमला ३-४ ग्रॅम कॉर्नफ्लोअर. मिक्सरचं झाकण दोन मिनिटांनी उघडा, नाहीतर ढग नाकात जातो. केकमध्ये छान, पण गुळगुळीत आयसिंगला दाताखाली कचकच लागते ती लागतेच, कितीही दळा. ब्राउन शुगर म्हणजे २०० ग्रॅम पांढऱ्या साखरेला २० ग्रॅम मोलॅसिस (साखर करताना मागे उरणारा काळा पाक), बोटांनी चोळून चोळून एकजीव करायचं. गडद हवी तर ४०. यात फसवणूक काही नाही, विकतचीही अनेकदा अशीच करतात, पांढऱ्या साखरेवर मोलॅसिस चढवून. मोलॅसिसच नसेल आणि पांढरी साखरच वापरली तर बिस्किट होईल, पण जास्त कडक होईल, कारण ओलावा धरून ठेवायचं काम तो काळा पाक करत होता. ब्रेडक्रम्सबद्दल काय लिहायचं? शिळा ब्रेड, मंद भट्टी, मिक्सर. झालं.

सेल्फ रेझिंग पीठ: १५० ग्रॅम मैद्याला २ छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ. केक फ्लोअर: कपभर मैद्यातून दोन मोठे चमचे मैदा काढून टाकायचा आणि तेवढंच कॉर्नफ्लोअर घालायचं. हे मला आधी थोतांड वाटायचं. पण मैद्यात प्रथिनं १०-११ टक्के असली तर या बदलानं ती ९ च्या आसपास येतात, कारण कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. प्रथिनं कमी, ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिनांचं जाळं) कमी, केक मऊ. दोन केक शेजारी शेजारी करून बघितले. नवऱ्याला डोळे मिटून चाखायला लावलं. त्यानं "दोन्ही छान आहेत" असं सांगून माझ्या प्रयोगाची वाट लावली. लेकानं मात्र बरोबर ओळखला.

आता अंडं. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण अंड्याला एक काम नाही. ते बांधतं, फुगवतं, ओलावा देतं, आणि पिवळ्यातल्या लेसिथिनमुळे तेल-पाण्याचं भांडण मिटवतं. कवचाशिवाय ५० ग्रॅमची वस्तू आणि चार खाती सांभाळते. पर्याय यातलं एखादं, फार तर दोन सांभाळतो. मग या पाककृतीत अंडं कुठलं काम करतंय ते आधी बघायला हवं.

बांधायचं असेल (बिस्किटं, कटलेट, दाट मफिन) तर जवस. मोठा चमचाभर जवसाची ताजी पूड, तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटांत ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं लिबलिबीत होतं. दुकानात इसबगोल फुगताना बघणाऱ्याला यात नवल नाही, चिकट तंतूंचा तोच स्वभाव. शेरा: चालतं. पण जवस फुगवत नाही, हे लक्षात ठेवायचं. ओलावाच हवा असेल तर पाव कप दही, किंवा पाव कप शिजवून गाळलेलं सफरचंद. अर्ध्या केळ्याचंही सगळे सांगतात. माझ्या कागदावर केळ्यापुढे "चालवून घ्यावं" आहे, कारण मग तो केळ्याचाच केक होतो. तुम्ही चॉकलेट घाला, संत्र्याची साल घाला, दालचिनी घाला, शेवटी बोलणार केळंच.

फुगवायचं असेल तर मात्र एकच पर्याय मला थक्क करून गेला. काबुली चण्यांच्या डब्यातलं पाणी. आपण जे मोरीत ओततो ते. २०१४ साली झोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गायकाला असं दिसलं की कडधान्यांच्या शिजवलेल्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो. पुढच्या वर्षी गूस वोल्ट या अमेरिकन माणसानं त्याला अ‍ॅक्वाफाबा नाव दिलं, लॅटिनमध्ये पाणी आणि शेंग. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं, दोन म्हणजे एका अंड्याचं पांढरं.

मी विश्वास न ठेवता केलं. पाणी आटवून जरा दाट केलं, गार केलं, पाव छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर घातलं आणि बीटर लावला. पाच मिनिटं नुसता साबणाच्या पाण्याचा फेस. आठव्या मिनिटाला पांढरा झाला. बाराव्या मिनिटाला भांडं डोक्यावर उलटं धरलं आणि काही पडलं नाही. साखर थोडी थोडी घातली, मंद भट्टीत, १०० अंशांवर, दोन तास वाळवलं. मेरिंग झालं, म्हणजे फेटलेल्या पांढऱ्याचा आणि साखरेचा वाळवलेला कुरकुरीत फेस. चण्याचा वास? कच्च्या फेसाला येतो, वाळल्यावर गेला.

यशानं माणूस बिघडतो. पुढच्या आठवड्यात त्याच फेसाचा स्पंज केक केला. भट्टीच्या काचेतून बघत होते, वीस मिनिटं तो वर चढला आणि मग आमच्या डोळ्यांदेखत खाली बसला, एखाद्यानं उसासा टाकावा तसा. कारण सरळ आहे. अंड्यातली प्रथिनं तापली की घट्ट बसतात आणि फुग्यांच्या भिंती पक्क्या होतात. चण्याचं पाणी तसं बसत नाही, ते फक्त वाळतं. मेरिंगला वाळणं पुरतं, स्पंजला पुरत नाही. त्यामुळे माझा ढोबळ हिशेब असा: पाककृतीत एक अंडं असेल तर बिनधास्त बदला, दोन असतील तर विचार करून, तीन किंवा जास्त असतील तर नाही म्हणजे नाही. मुळातच अंड्याविना लिहिलेली दुसरी पाककृती शोधा, अशा कितीतरी चांगल्या आहेत.

क्रीम. पाऊण कप दूध आणि पाव कप वितळलेलं लोणी, हे सूपमध्ये किंवा सॉसमध्ये चालतं. फेटायला घेतलं तर हात दुखतील, बाकी काही होणार नाही. लोण्यात ८० टक्के स्निग्धांश धरला तर या मिश्रणात तो वीस-एकवीस टक्के येतो, आणि क्रीम फेटून उभं राहायला निदान ३० लागतो. मग लोणी वाढवलं तर? तेही करून झालंय. वर लोण्याचे दाणे, खाली निळसर दूध. एकदा फुटून लोणी झालेला स्निग्धांश दुधात नुसता ढवळून परत क्रीममध्ये जात नाही. नाही म्हणजे नाही, लाल शाईनं.

लोण्याऐवजी तेलाचं गणितही तिथूनच निघतं: १०० ग्रॅम लोण्याला ८० ग्रॅम तेल आणि चमचाभर दूध. पण पाककृती "लोणी आणि साखर फेसून घ्या" असं म्हणत असेल तर थांबा. साखरेचे कण घट्ट लोण्यात हवा कोंडतात, तेलात कोंडणार कुठे?

मध घालणाऱ्यांसाठी एकच सूचना, आणि ती केमिस्ट म्हणून. साखरेऐवजी मध घालून केलेला केक एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका. भाजलंय ना, मग काय होतंय, असं लोक म्हणतात. केकच्या आतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मधात क्वचित असणारे बोटुलिनम या विषारी जिवाणूचे बीजाणू तेवढ्यानं मरत नाहीत. मोठ्यांना काही नाही.

कंडेन्स्ड मिल्कच्या बाबतीत मी आधी दोन भांडी जाळली. पाककृती म्हणतात "दाट होईपर्यंत आटवा", पण गरम असताना ते पातळच दिसतं, म्हणून आपण आटवत राहतो, आणि गार झाल्यावर त्याची विटकर होते. शेवटी काट्याला शरण गेले. आधी रिकाम्या भांड्याचं वजन लिहून ठेवायचं. पाऊण लिटर पूर्ण दूध, १५० ग्रॅम साखर, पसरट जाड बुडाचं भांडं, मंद आंच, लाकडी उलथनं तळाला घासत ठेवायचं. आतला ऐवज ३३० ते ३४० ग्रॅमवर आला की आंच बंद, मग तो कितीही पातळ दिसो. गार झाला की बरोबर धार पडते. रंग मात्र विकतच्यापेक्षा जरा बदामी येतो. गेल बोर्डेननं १८५६ साली पेटंट घेतलं ते हवा काढलेल्या भांड्यात दूध आटवायचं, म्हणजे ते कमी तापमानाला उकळतं आणि करपत नाही. आपल्याकडे ते यंत्र नाही, उलथनं आहे. मला तर हा बदामी रंगच आवडतो, पण शेरा प्रामाणिकपणे "चालवून घ्यावं" असा टाकलाय, कारण तासभर उभं राहावं लागतं.

व्हॅनिला हे मात्र माझं लाडकं. ते सरळ सरळ टिंक्चर आहे, म्हणजे मद्यार्कात उतरवलेला अर्क. शेंगा उभ्या चिरायच्या, ४० टक्क्यांच्या व्होडकात बुडवायच्या, साधारण लिटरला १०० ग्रॅम या हिशेबानं. माझी बाटली १०० मिलीची, तीत १० ग्रॅम शेंगा. अंधाऱ्या कपाटात ठेवायची, आठवण आली की हलवायची. मद्यार्क ३५ टक्क्यांच्या खाली नको. दोन महिन्यांनी रंग येतो, वास सहा महिन्यांनी. घाईच्या माणसाचं हे काम नाही. माझ्या बाटलीवर लेबल आहे: घटक, मात्रा, तारीख, आणि लेकानं खाली लिहिलेलं "मुलांच्या हाती लागू देऊ नये".

घट्ट करायचं म्हटलं तर मोठ्या चमचाभर कॉर्नफ्लोअरऐवजी दोन मोठे चमचे मैदा, पण मैदा जास्त वेळ शिजवायचा, नाहीतर कच्चट लागतो. आणि लिंबू शेवटी पिळायचं, आधी पिळून उकळत ठेवलं तर घट्टपणा सुटतो.

हे लिहिता लिहिता कपाटाचं दार तीनदा उघडलं आणि तिसऱ्यांदा कागद हातात आला. चिकटपट्टी वाफेनं सुटली होती. नवीन शोधली तर तीही संपलेली. म्हणून आता गॅसवर छोट्या पातेल्यात दोन चमचे मैदा आणि आठ चमचे पाणी ठेवलंय, खळ होतेय. लेक मागे उभा राहून विचारतोय की कागदावर ही ओळ पण लिहायची का, आणि शेरा कुठला टाकायचा. उद्या सकाळी कागद दारावर असला तर "चालतं".